साधा रुपया

अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडसमोर खुशाल शहारे यांचा फोटो स्टुडिओ आहे. खुशालभाऊ साठीच्या घरातले, उंच आणि किडकिडीत. बोलताना एक डोळा किंचित बारीक करायची त्यांना सवय आहे. कॅमेऱ्यातून बघून बघून ती लागली, असं लोक म्हणतात. एके काळी आजूबाजूच्या गावांतलं एकही लग्न त्यांच्याशिवाय पार पडत नसे. मग घरोघरी मोबाइल आले. स्टुडिओत उरले ते फॉर्मवर चिकटवायचे फोटो आणि गेलेल्या माणसांचे भिंतीवर लावायचे मोठे फोटो. दुपारी तास-दोन तास कुणी फिरकत नसे. त्या रिकाम्या दुपारींत भाऊंना नाण्यांचा नाद लागला.

सुरुवात झाली ती बाबासाहेबांच्या नाण्याने. सव्वाशेव्या जयंतीच्या वर्षाचं दहा रुपयांचं नाणं त्यांना किराणा दुकानात सुट्या पैशांबरोबर मिळालं होतं. ते त्यांनी घरी बुद्धमूर्तीपाशी ठेवलं. पुढे कुणीतरी सांगितलं की याच जयंतीचा खास संच टांकसाळीतून मागवता येतो, त्याला प्रूफ म्हणतात. त्यांनी तो मागवला. पोस्टाने आलेली डबी उघडली तर आत सव्वाशे रुपयांचं मोठं नाणं आणि शेजारी तेच दहाचं. तोच चेहरा, तेच साल.

"दोन्ही सारखेच त आहेत," त्यांची बायको अल्काबाई म्हणाली. "मंग याले एवढे पैसे काऊन दिले?"

खुशालभाऊंनी दोन्ही नाणी खिडकीपाशी नेली. प्रूफ नाण्याला त्यांनी बोट लावलं नाही, प्लास्टिकच्या गोल कुपीसकट धरलं. नाणं थोडं कललं तशी मागची सपाट जागा काळीभोर झाली, एखाद्या विहिरीत डोकावावं तशी, आणि त्यावर बाबासाहेबांचा चेहरा दहिवर पडल्यासारखा पांढरा उठून आला. आणखी थोडं कललं तेव्हा सपाट जागेत खिडकीचे गज दिसले. किराण्यातल्या नाण्यात असं काही होत नव्हतं. त्याची चमक नुसती गोल फिरायची. कडा बोथट होत्या, गालावर बारीक ओरखडे होते. पोत्यात शेकडो नाण्यांशी घासून ते आलेलं होतं.

"फोटोचंच पाह्य न," ते अल्काबाईंना म्हणाले. "एक घाईघाईत काढलेला फोटो आहे, आन् एक लाईट लावून, बसवून काढलेला."

ज्याने जन्मभर उजेडाशी काम केलं, त्याला हे वेड लागणारच होतं. निगेटिव्हवर हात फिरवायला वापरायचं त्यांचं जुनं भिंग पुन्हा टेबलावर आलं. महिन्यातून एकदा ते रेल्वेने गोंदियाला जायचे आणि मुन्नालाल शेठकडे बसायचे. शेठचं भांड्यांचं दुकान होतं. मागच्या खोलीत चाळीस वर्षांत जमवलेली नाणी होती. प्रूफचा ठसा घासून आरशासारखा केलेला असतो, कोरी चकतीही घासलेली असते, आणि त्याच चकतीवर ठसा एकाहून जास्त वेळा जोराने पडतो, म्हणून कडा अशा धारदार उठतात, हे त्यांना शेठनी समजावलं. साधं नाणं पॉलिश करून प्रूफ म्हणून गळ्यात मारणारेही असतात. त्यांच्या नाण्याची अक्षरं साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झालेली असतात, तिथे चोरी पकडायची.

आणि दुहेरी छापाचंही शेठनीच शिकवलं.

"देखो खुशालजी, डबल दो तरह का होता है," शेठ म्हणाले होते. "एक में सिक्का पड़ते वक्त ठप्पा हिल गया. अक्षर के बाजू में चपटी सीढ़ी जैसी दिखेगी, जैसे चाकू से छिल दिया. अक्षर खुद पतला हो जाएगा. उसकी कोई कीमत नहीं, रोज मिलता है. दूसरे में ठप्पा ही डबल बना. तब दूसरा अक्षर भी पूरा गोल, पूरा ऊँचा, और कोनों पर फटा हुआ, साँप की जीभ जैसा. वो मिले तो मेरे पास लाना. और जल्दी मत करना. दोनों में आदमी रोज धोखा खाता है."

हे शेवटचं वाक्य खुशालभाऊंनी ऐकलं, मान डोलावली, आणि पुढे विसरले.

त्यांचं नाव झालं ते नाही म्हणण्यामुळे. मोबाइलवर जुन्या नाण्यांचे व्हिडिओ फिरू लागले होते. अमक्या सालचा रुपया असेल तर लाखो मिळतील, तमक्या नंबरवर फोन करा. लोक रुमालात नाणी बांधून स्टुडिओत यायचे. एका गवंडी माणसाकडून तर फोनवरच्या टोळीने नोंदणीच्या नावाखाली पैसे मागितले होते आणि तो भरायला निघाला होता. खुशालभाऊंनी त्याला हात धरून खुर्चीत बसवलं, त्याच्यासमोर त्या नंबरवर फोन लावला आणि दोन प्रश्नांत पलीकडच्याची बोबडी वळवली. गवंड्याचे पैसे वाचले. ही गोष्ट बाजारभर झाली. तेव्हापासून कुणी नाणं पुढे केलं की भाऊ भिंग डोळ्याला लावायचे, क्षणभर बघायचे आणि म्हणायचे, "साधा आहे." हा शब्द बरोबरच असायचा. इतक्या वेळा बरोबर आला की पुढे पुढे तो भिंग डोळ्याला लावायच्या आधीच त्यांच्या ओठांवर तयार असायचा. येणाऱ्याचा चेहरा पडायचा, आणि आपण एका माणसाला फसण्यापासून वाचवलं याचं भाऊंना समाधान वाटायचं.

फुलवंताबाई कुंभरे आल्या त्या दिवाळीनंतर, धान कापणीच्या दिवसांत. चिचगडकडच्या, गोंड कुटुंबातल्या. नवरा काही वर्षांमागे वारलेला. अर्जुनीजवळ त्यांच्या नणंदेचं सासर होतं, तिथे त्या आल्या होत्या. सोबत मुलगा देवेंद्र आणि मुलगी सोनू. देवेंद्र नागझिऱ्याच्या अभयारण्यात गाईड होता, खाकी शर्टातच आला होता. सोनूचं लग्न ठरलं होतं.

"जय सेवा, भाऊ," देवेंद्र म्हणाला. "मायची माळ दाखवाची होती."

बाईंनी पदर बाजूला केला. गळ्यात रुपयांची माळ होती. राणीछाप, राजाछाप असे जुने चांदीचे रुपये, प्रत्येकाला वर कडी जोडलेली, काळ्या दोऱ्यात ओवलेले. दरवर्षी चिंच आणि राखेने घासून ते लख्ख ठेवले होते.

"पोरीले पैंजण करायचे आहेत, आन् गळ्यातलं," फुलवंताबाई म्हणाल्या. "आता कोनी रुपये घालत नाई म्हन्ते सोनू. सराफ म्हन्ते मोडून देतो. पन माहं मन होत नाई. देवेंद्र म्हन्ला, खुशालभाऊले दाखवू. याच्यात काई येगळं असन त ठेवतो. नसन त मोडतो. तुमी सांगा जी."

त्यांनी माळ उतरवून काउंटरवर ठेवली. ती ठेवताना हात पटकन सुटला नाही. हे खुशालभाऊंना त्या वेळी दिसलं, पण त्याचा अर्थ कळायला वेळ लागला.

समोर पोलीस भरतीचे फॉर्म भरायला आलेली मुलं फोटोसाठी उभी होती. बसची वेळ होत होती, त्यांना घाई होती. भाऊंनी एकेक रुपया भिंगाखाली सरकवला. घासून घासून राणीचे केस सपाट झालेले. साल नेहमीचं, सगळ्यांकडे सापडणारं. एका रुपयावर राणीच्या नावाच्या अक्षरांना शेजारी दुसरी कड दिसली. भाऊ थांबले. ठसा हललेला, त्यांनी मनात म्हटलं. रोजचंच. त्यात घासलेला, आणि वर कडी डाक लावून जोडलेली. त्यांनी पुढचा रुपया घेतला.

"साधे आहेत, बाई. चांदीचा भाव येईल, बस. मोडायचे असतील त मोडा."

फुलवंताबाईंनी माळ उचलली. "पक्कं न जी?"

"पक्कं."

ती त्यांनी पुन्हा गळ्यात घातली. मग म्हणाल्या, "त एक फोटो काढा माहा. माळेसगट."

तो फोटो भाऊंनी मनापासून काढला. भरतीची मुलं गेल्यावर त्यांनी पडदा ओढला, जुने दिवे लावले, बाईंना स्टुलावर बसवलं. फोटो झाल्यावर बाई माळेवरून हात फिरवत बसल्या होत्या. त्या हाताचा आणि रुपयांचा भाऊंनी जवळून आणखी एक घेतला, कुणी सांगितलेला नसताना. उजेड चांगला पडला होता म्हणून.

देवेंद्रने जाताना लग्नाचं काम त्यांनाच दिलं.

उन्हाळ्यात चिचगडला लग्न झालं. खुशालभाऊ दोन दिवस तिथे राहिले. कुंभऱ्यांनी त्यांना घरच्यासारखं वागवलं. पहिलं पान त्यांचं, उन्हात पाणी त्यांना आधी. सोनूच्या पायांत जाड पैंजण होते, गळ्यात चांदीची सरी. मांडवात बायका पैंजण बघायला वाकायच्या आणि फुलवंताबाई सांगायच्या, "माह्या माळेचे आहेत." त्यांच्या स्वतःच्या गळ्यात लाल मण्यांची एक बारीक दोरी होती. भाऊंनी ते सगळं टिपलं. परत निघताना आपण एका चांगल्या कामाला हात लावला असंच त्यांना वाटत होतं.

अल्बम करायला पाऊस लागल्यावरच सवड मिळाली. अल्बमच्या पहिल्या पानावर सोनूच्या आईचा तो माळेचा फोटो टाकावा, असं भाऊंच्या मनात आलं. कॉम्प्युटरवर त्यांनी जुने फोटो काढले. आधी चेहरा. मग तो हाताचा. पान भरायला त्यांनी तो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि माउसवरचा हात थांबला.

बोटांच्या फटीतून तो रुपया सरळ समोर आला होता. दिव्याचा उजेड बाजूने पडला होता, म्हणून प्रत्येक अक्षराची सावली स्वच्छ होती. राणीच्या नावाची अक्षरं दोनदा उमटलेली होती. चपटी पायरी तिथे नव्हती. दुसरं अक्षरही गोल होतं, जवळजवळ पहिल्याइतकंच उंच. आणि कोपऱ्यांवर ते फाटलं होतं, सापाच्या जिभेसारखं.

अल्काबाई जेवायला बोलवायला आत आल्या तेव्हा ते तसेच बसले होते.

"काय झालं जी?"

"मी नीट पायलं नाई," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन ते गोंदियाला गेले. मुन्नालाल शेठनी चष्मा बदलून बराच वेळ बघितला.

"लगता तो असली है," ते म्हणाले. "ऐसा मैंने इस साल के रुपये पर नहीं देखा. पर फोटो से कसम नहीं खाऊँगा. सिक्का लाओ."

"सिक्का नहीं है."

"कहाँ गया?"

खुशालभाऊंनी सांगितलं. शेठनी चष्मा काढला आणि चहा मागवला. त्या चहापेक्षा त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं भाऊ पुढे एकदा म्हणाले.

तिथून परस्पर ते देवरीला गेले. माळ तिथल्या सराफाकडे मोडली, असं त्यांनी लग्नात ऐकलं होतं. सराफ ओळखीचा निघाला नाही, पण बरा माणूस होता. त्याने सरळ सांगितलं की तसली माळ आली त्याच दिवशी मुशीत गेली. रुपये वेगळे ठेवायचं काही कारण नव्हतं. गिऱ्हाईकच म्हणालं होतं, साधे आहेत, दाखवून आणलेत.

आता पुढे काय, हे भाऊंना ठरवता येत नव्हतं. अल्काबाईंचं मत स्पष्ट होतं. "नोका सांगू. रुपया वापस येनार आहे का? त्याहीले मालूम नाई, सुखात आहेत."

"पन मले मालूम आहे न."

"त मंग तुमच्यापाशी ठेवा. त्याहीच्या डोक्यावर कायले ठेवता?"

खुशालभाऊंनी ऐकलं नाही. अल्बम आणि हाताच्या फोटोची मोठी प्रत घेऊन ते चिचगडला गेले. पाऊस उघडला होता, धानाचे रोवणे आटोपले होते. सोनू माहेरी आलेली होती. सगळे ओसरीवर बसून अल्बम बघत होते, हसत होते, नवरदेवाच्या मामाला नावं ठेवत होते. अल्बम संपल्यावर भाऊंनी ती प्रत काढली आणि सांगितलं. सगळं सांगितलं. ठसा हलणं आणि ठसाच दुहेरी असणं यातला फरक, त्या दिवशीची घाई, शेठचं म्हणणं, सराफाकडची चौकशी. सांगताना त्यांना वाटत होतं की आपण लपवलं नाही, एवढं तरी या लोकांना कळेल.

"किती आले असते?" देवेंद्रने विचारलं.

"पक्कं नाही सांगता येत. चांदीपेक्षा पुष्कळ जास्त."

देवेंद्र उठून उभा राहिला. "त आता कायले सांगाले आले तुमी? आमी काय करू आता? तुमाले हलकं लागून राहिलं असन. आमाले काय भेटलं?"

"देवेंद्र," आई म्हणाली.

"नाई माय. तवा पक्कं म्हन्ले. आता पक्कं नाई म्हन्तेत." तो अंगणातून बाहेर निघून गेला.

फुलवंताबाईंनी फोटोची प्रत मांडीवर घेतली होती. त्यांचं बोट त्या दुहेरी अक्षरांवर नव्हतंच. त्या एकेका रुपयावर बोट ठेवून सोनूला सांगत होत्या. हा माह्या मायनं देल्ला, मी पयल्यांदा सासरी आली तवा. हे दोन सासूचे. हा तुह्या बाबानं घेतला, तेंदूपत्त्याच्या पयल्या पैशातून, तू झाली तवा. मग त्यांचं बोट त्या रुपयावर आलं.

"हा माह्या आजीचा," त्या म्हणाल्या. "आजी म्हने, याच्यावर राणीचं नाव हालते. आमी लहान होतो, हसत होतो तिले."

खुशालभाऊंनी मान खाली घातली.

"भाऊ," फुलवंताबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "मी भाव इचाराले नव्हती आली जी. ठेवू का मोडू, एवढंच इचारलं होतं. तुमी साधा म्हन्ले, म्हून माहं मन झालं. काई येगळं आहे म्हन्ले असते, काई बी म्हन्ले असते, त ठेवली असती. मले त ठेवाचीच होती."

सोनू उठली. ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या पायांत पैंजण नव्हते. ती परातीत तांदूळ घेऊन निवडायला बसली आणि तिने वर बघितलं नाही. अल्बम चटईवर उघडाच होता. पानावर हळदीच्या अंगाने ती पैंजण दाखवत हसत होती.

कुणी त्यांना जा म्हटलं नाही. फुलवंताबाईंनी चहा दिला, तो त्यांनी प्यायला, आणि बसस्टॉपवर येऊन बसले.

ते पैंजण सोनूने पुन्हा घातले नाहीत, असं पुढे तिच्या आत्याकडून कळलं. सासरी विचारलं तेव्हा बोचतात म्हणून सांगितलं. देवेंद्र नागझिऱ्याहून येता-जाता अर्जुनीत उतरायचा, पण स्टुडिओत पाऊल टाकलं नाही. सोनूला मुलगा झाला तेव्हा नाव ठेवायच्या कार्यक्रमाला फोटोवाला देवरीहून बोलावला होता. खुशालभाऊंना सगळ्यात जास्त लागलं ते पैंजणांचं. रुपया घाईत गेला होता, घाई तरी होती. पैंजण मात्र त्यांनी विचार करून, बसने जाऊन, आपल्या तोंडाने काढायला लावले होते. अल्काबाईंनी त्यावर त्यांना कधी बोल लावला नाही. लावला असता तर भांडता आलं असतं.

लोक अजून नाणी घेऊन येतात. भाऊ आता उन्हात जाऊन बघतात, पाच-सात वेळा उलटंसुलटं करतात, फोटो काढून ठेवतात आणि म्हणतात, "मले पक्कं नाही सांगता येत. तुम्ही ठेवा." लोक कंटाळतात. खुशालभाऊंची नजर गेली, असं बाजारात बोललं जातं. गवंड्यासारखा एखादा भोळा माणूस याच उत्तराने पुन्हा आशेला लागतो आणि फोनवरच्या टोळीच्या हाती सापडतो, हेही त्यांना कळतं. तरी जीभ 'साधा' या शब्दावर वळत नाही. नाही म्हणायला ते घाबरतात, आणि हो म्हणायलाही.

मागच्या हिवाळ्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, फुलवंताबाई स्टुडिओत आल्या. एकट्याच होत्या. निराधार योजनेच्या कागदांवर लावायला फोटो हवा होता. गावातला दुसरा स्टुडिओ त्या दिवशी बंद होता.

"बसा, बाई," खुशालभाऊ म्हणाले. ते दिवे लावायला गेले. एक वायर दोनदा सुटली. बाई स्टुलावर सरळ बसल्या. गळ्यात तीच लाल मण्यांची दोरी.

"सोनू बरी आहे?"

"बरी आहे जी. पोरगं चालाले लागलं."

"देवेंद्र?"

"हाय."

फोटो झाला. भाऊंनी प्रती कापल्या, पाकिटात घातल्या. बाईंनी कमरेची पिशवी सोडली तसे ते घाईने म्हणाले, "राहू द्या. तुमच्याकडून नाही घेत."

"काऊन?" फुलवंताबाईंनी त्यांच्याकडे सरळ बघितलं. "कामाचे आहेत न? घ्या जी."

त्यांनी पैसे काउंटरवर ठेवले. पाकीट उघडून न बघताच पिशवीत टाकलं, पदर सारखा केला आणि बस लागली का ते बघत रस्ता ओलांडून गेल्या.

थोड्या वेळाने अल्काबाई चहा घेऊन आल्या. "फुलवंताबाई होती न ते? काय म्हन्ली?"

"काई नाई," खुशालभाऊ म्हणाले. "बस होती तिची."